डॉक्टरची सोडत

केलब्रिजमध्ये फॅमिली डॉक्टर मिळवायचा तर सोडतीत नाव निघावं लागतं, हे मी वसईला फोनवर सांगितलं तेव्हा माझा भाऊ खो खो हसला. "अगं रिटा, तू कॅनडात आहेस ना? की म्हाडाच्या घरासाठी नंबर लावलायस?" तेव्हा मलाही हसू आलं होतं. ते २००८ साल होतं. नवऱ्याची तब्येत ठणठणीत असली की बाईला कशाचंही हसू येतं.

केलब्रिज टोरांटोपासून गाडीनं दीड तासावर. आम्ही अजून त्याला गावच म्हणतो, पण आता ते लाखाच्या पुढे गेलेलं शहर आहे. १९७९ मध्ये आम्ही आलो तेव्हा एक नदी, एक पिठाची गिरणी, एक ट्रॅक्टरचा कारखाना आणि नन्सनी बांधलेलं लाल विटांचं हॉस्पिटल, एवढ्यावर सगळा कारभार चालायचा. माझा नवरा व्हिन्सेंट त्या कारखान्यात फिटर म्हणून लागला. २००१ मध्ये कारखाना बंद पडला आणि त्या जागी काँडो, म्हणजे फ्लॅटच्या इमारती, उभे राहिले. मक्याची शेतं गेली, घरांच्या रांगा आल्या, आणि जी झाडं तोडली त्यांचीच नावं रस्त्यांना दिली. टोरांटोत घर परवडत नाही म्हणून तरुण जोडपी इकडे आली. त्यांना पोरं झाली, पोरांसाठी शाळा झाल्या, हॉकीचं दुसरं अरीना झालं. वेशीवरच्या पाटीवर लोकसंख्येचा आकडा बदलला की मेयर पाटीशेजारी उभा राहून फोटो काढून घ्यायचा. सगळं वाढलं, डॉक्टर तेवढे वाढले नाहीत. होते ते म्हातारे झाले. आमच्या डॉक्टरांनी रिटायर होताना दोघांच्या फायली एका खोक्यात घालून आमच्या हातात दिल्या आणि "बेस्ट ऑफ लक" म्हणाले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही.

नोकरी गेल्यावर दुसरा एखादा दारूच्या नादी लागला असता. व्हिन्सेंट इतिहासाच्या नादी लागला. लायब्ररीत बसून जुनी वर्तमानपत्रं वाचायचा, म्हाताऱ्या नन्सना भेटून त्यांच्या आठवणी टेप करायचा. उन्हाळ्यात दर शनिवारी लोकांना घेऊन गावातून फिरायचा: ही गिरणी, हा पूल, इथे पूर आला होता. शेवटी सगळ्यांना हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर उभं करायचा आणि ती गोष्ट सांगायचा. १८८७ च्या हिवाळ्यात रेल्वेचे रूळ टाकणारा एक मजूर तापानं फणफणत गावात आला. खाणावळीनं दार लावलं, धर्मशाळेनं दार लावलं. नन्सनी त्याला आत घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर झोपवलं. नाव नंतर विचारलं. ते टेबल म्हणजे या शहराचं पहिलं हॉस्पिटल. "अँड दिस हाऊस हॅज नेव्हर टर्न्ड एनीबडी अवे," असं तो दर वेळी शेवटी म्हणायचा. वसईच्या वाडीतला हा माणूस, केलब्रिजच्या गोऱ्यांना त्यांच्याच आजोबांच्या गोष्टी सांगायचा, आणि ते तोंडात बोट घालून ऐकायचे. मला अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षीच्या शरदात एक नवी डॉक्टर शहरात दवाखाना उघडणार अशी बातमी आली. पहिल्याच दिवशी दारात पहाटेपासून रांग लागली, भांडणं झाली, म्हणून सिटीनं ठरवलं की चिठ्ठ्या टाकायच्या. कम्युनिटी सेंटरमध्ये एक मोठं फिरतं पिंप ठेवलं, चर्चच्या फेटला, जत्रेत, बक्षिसांसाठी असतं तसं. नियम साधा होता. माणूस स्वतः हजर पाहिजे. नाव तीनदा पुकारायचं, तिसऱ्यांदाही कुणी उठलं नाही तर चिठ्ठी बाद आणि पुढची काढायची. आणि चिठ्ठ्या काढायला बोलावलं कुणाला? आमच्या व्हिन्सेंटला. नगरसेविका लॉरेन स्वतः घरी आली. "व्हिन्सेंट, तुमच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे. कुणी बोट दाखवणार नाही."

मी दोघांच्या चिठ्ठ्या भरून ठेवल्या होत्या. निघताना व्हिन्सेंटनं त्या माझ्या हातातून घेतल्या आणि ब्लेझरच्या खिशात घातल्या.

"पिंपात मी टाकते," मी म्हटलं.

"नाही टाकायच्या."

"म्हणजे?"

"रिटा, हात माझा आणि नावही माझंच निघालं, तर लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, नशीबवान आहे."

"लोक म्हणतील, शेवटी हा पण इंडियनच."

माझं डोकं फिरलं. "तू बासष्टचा आहेस. मला बीपी आहे. निदान माझं तरी टाक!"

"घरच्या माणसाचं पण नको. नेक्स्ट टाइम टाकू. डॉक्टर येत राहतील, शहर वाढतंय."

शहर वाढतंय. हे वाक्य तो असं म्हणायचा की जणू ते यानंच वाढवलंय.

सेंटरमध्ये बसायला जागा नव्हती. व्हिन्सेंट एकेक चिठ्ठी काढायचा, चष्मा सावरून वाचायचा, लोक टाळ्या वाजवायचे. एका म्हाताऱ्या बाईचं नाव निघालं आणि कुणी उठलं नाही. त्यानं दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारल्यावर तो जरा जास्तच थांबला, दाराकडे बघत राहिला, पार्किंगमधून कुणी धावत येत असेल म्हणून. मग "अ‍ॅबसेंट" म्हणाला आणि चिठ्ठी बाजूला ठेवली. घरी आल्यावरसुद्धा त्याला त्या बाईची हळहळ वाटत होती.

शेवटच्या काही चिठ्ठ्यांत एक नाव निघालं उन्मेष चिपळूणकर. हा पुण्याचा पोरगा, इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत आलेला. इंडियन ग्रोसरीत मला फोनवर कुणाशी तरी मराठीत बोलताना ऐकून तो थबकला होता, तेव्हापासून व्हिन्सेंट काका, रिटा काकू करत घरी यायचा. वय तिशीचं, तब्येत घोड्यासारखी. त्याला डॉक्टर मिळाला. उड्या मारत स्टेजवर गेला आणि काकांच्या पाया पडला. फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आला.

व्हिन्सेंटचं जेवण कमी झालं ते नाताळनंतर. पाठीत दुखायचं, पण ते बर्फ उपसताना कंबर धरली असेल म्हणून सोडून दिलं. मग फेब्रुवारीत राखेचा बुधवार आला आणि उपवासकाळ सुरू झाला. व्हिन्सेंट चाळीस दिवस मांस आणि वाइन सोडायचा, हे दर वर्षीचं. या वर्षी तो एकच वेळ जेवायला लागला. पँट कमरेला राहीना. चर्चमध्ये सगळे म्हणायला लागले, "व्हिन्सेंट, काय निग्रह आहे तुमचा!" फादरनी एका रविवारी प्रवचनात नाव न घेता त्याचा दाखला दिला. लोकांनी वळून बघितलं आणि व्हिन्सेंट खाली मान घालून हसला.

मी घरी आल्यावर म्हटलं, "हा उपवास नाही. तुला भूकच लागत नाहीये. देवाच्या नावावर खपवू नकोस."

"तुझं आपलं काहीतरीच."

"डॉक्टरला दाखव."

"कुठल्या?"

मी त्याला गाडीत बसवलं. मॉलमधल्या वॉक-इन क्लिनिकमध्ये, म्हणजे कुणीही जाऊन नंबर लावावा अशा दवाखान्यात, गेलो. दर वेळी नवा डॉक्टर, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. एकानं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यानं त्या बदलून दिल्या. तिसरा म्हणाला, एका भेटीत एकच तक्रार, पाठ की पोट ते ठरवा. मी खोक्यातली जुनी फाइल पुढे केली तर त्यानं ती उघडलीसुद्धा नाही.

ईस्टरला मार्कहॅमहून आमची मुलगी क्लॅरिसा आली. मी आमचा बॉटल मसाला घालून डुकराच्या मांसाचं इंद्याल केलं, सोबत मैद्याचे फुगे तळले. उपवास संपला होता, आता कारण उरलं नव्हतं. व्हिन्सेंटनं एक फुगा हातात घेतला, तोडला, आणि परत ताटात ठेवला. क्लॅरिसा बघत राहिली. मग म्हणाली, "डॅड, युवर आईज आर यलो."

तशीच गाडी काढली आणि जुन्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेलो. खिडकीतल्या नर्सनं हेल्थ कार्ड घेतलं आणि विचारलं, दुखणं एक ते दहामध्ये किती? घरी तो सोफ्याची कड पकडून बसला होता, घामानं बनियन भिजलं होतं. मी म्हणणार होते नऊ. त्याआधी व्हिन्सेंट म्हणाला, "थ्री. मे बी थ्री."

"तीन?" मी मराठीत ओरडले. "तीन म्हणजे काय? डास चावला का तुला?"

"हळू बोल. बाकीच्या लोकांना जास्त गरज असेल."

तीनवाल्यांना कोण विचारतो? आम्ही दुपारी जाऊन बसलो. आमच्यामागून घोटा मुरगळलेली पोरं आली, रडली, ओरडली आणि आत गेली. व्हिन्सेंट भिंतीवरच्या नन्सच्या फोटोखाली शहाण्या मुलासारखा बसून राहिला. रात्री एका थकलेल्या डॉक्टरनं त्याला बघितलं, रक्त घेतलं आणि सांगितलं की अल्ट्रासाउंड आणि स्कॅन लागेल, बाहेरून करून घ्या, रिपोर्ट तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे जाईल.

"आम्हाला फॅमिली डॉक्टर नाही."

"मग वॉक-इनचं नाव घालतो," तो म्हणाला आणि घातलं.

उन्मेषला कळलं तेव्हा तो धावत आला. "काका, माझी अपॉइंटमेंट तुम्ही घ्या. मला काहीच झालेलं नाही." त्यानं आपल्या डॉक्टरच्या दवाखान्यात फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, सॉरी, ते आमच्या रोस्टरवर, म्हणजे पेशंटच्या यादीत, नाहीत. मग तो स्वतः जाऊन भांडला, सांगितलं की माझं नाव काढा, यांचं घाला. तसं करता येत नाही म्हणाली. तसं केलं तर ज्यांची नावं सोडतीत निघाली नाहीत त्यांच्यावर अन्याय होईल. पोरगा घरी येऊन डोळे पुसत बसला. जून महिन्यात त्याला कॅल्गरीला तेल कंपनीत चांगली नोकरी लागली आणि तो गेला. केलब्रिजच्या त्या डॉक्टरला त्यानं एकदाही नाडी दाखवली नव्हती.

मी वसईला फोन केला. भावाची मुलगी अरुणा तिथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. "आत्या, त्यांना बसव विमानात. उतरल्या दिवशी स्कॅन करून देते, दुसऱ्या दिवशी सर्जन बघतील." मी तिकिटं शोधायला लागले. व्हिन्सेंटनं लॅपटॉप मिटवला.

"ओपनिंग झाल्यावर जाऊ."

कारण जूनमध्ये हायवेजवळ नवं हॉस्पिटल उघडणार होतं. काचेचं, चार मजल्यांचं, आत कॉफी शॉप. जुनं पाडून तिथे सीनियर्ससाठी काँडो होणार होते. नव्या इमारतीत इतिहासाची एक भिंत असावी असं ठरलं होतं आणि तिचा मजकूर व्हिन्सेंट लिहीत होता. मजूर, टेबल, नन्स, सगळं.

"तुझ्या भिंतीला आग लागो," मी म्हटलं.

"रिटा, मी तीस वर्षं या गावात राहिलोय. शनिवारी शनिवारी लोकांना सांगतो की इथे कुणाला परत पाठवत नाहीत. आणि मीच पळून जाऊ? ते काय म्हणतील?"

"ते काही म्हणणार नाहीत! त्यांना कळणारसुद्धा नाही तू गेलास ते!"

तो दुखावला. मला ते दिसलं आणि मला बरं वाटलं, इतकी मी चिडले होते. रडून बघितलं, दोन दिवस बोलले नाही, क्लॅरिसाकडून फोन करवले. पण मऊ माणसाचा हट्ट मोडता येत नाही. तो भांडत नाही, नुसता हसतो आणि जागचा हलत नाही.

स्कॅन झाला. रिपोर्टची वाट बघत राहिलो. काही वाईट असेल तर फोन येईल, असं तिथल्या मुलीनं सांगितलं होतं. फोन आला नाही म्हणून व्हिन्सेंट खूश होता. ओपनिंगला ब्लेझर घालून गेला. ब्लेझर आता त्याला दोन मापं मोठा होत होता, मी आतून पिना लावून दिल्या. मेयरनं फीत कापली, लॉरेननं भाषणात व्हिन्सेंटचं नाव घेतलं, आणि त्या पिवळ्या डोळ्यांच्या माणसानं उभं राहून सगळ्यांना नमस्कार केला. त्या हॉलमध्ये निम्मे डॉक्टर होते. एकाच्याही लक्षात आलं नाही. की आलं आणि त्यांना वाटलं, इंडियन माणसाचा रंग असाच असतो? हे मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतरच्याच आठवड्यात तो बाथरूममध्ये पडला. अ‍ॅम्ब्युलन्सनं नव्या हॉस्पिटलला नेलं. तिथे पहिल्यांदा आम्हाला सांगण्यात आलं की रिपोर्ट केव्हाच तयार होता. तो वॉक-इनला गेला होता, पण ज्या डॉक्टरच्या नावावर गेला तो काही आठवडेच तिथे होता आणि मग मॉन्ट्रियलला निघून गेला होता. कागद त्याच्या खणात पडून राहिला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, आता लिव्हरपर्यंत पोचलेला. डॉक्टर तरुण होती, चांगली होती. म्हणाली, "लवकर कळलं असतं तरी फार फरक पडला नसता कदाचित." असेलही. पण ते मला फेब्रुवारीत ऐकायचं होतं. तेव्हा मी त्याला वसईला घरी नेलं असतं, त्याच्या आईच्या विहिरीजवळ खाटेवर झोपवलं असतं.

बेड नव्हता. शहर वाढेल त्या हिशेबानं हॉस्पिटल बांधलं होतं, पण शहर त्याच्याही पुढे वाढलं होतं. व्हिन्सेंटला ट्रॉलीवर कॉरिडॉरमध्ये ठेवलं. तो कॉरिडॉर म्हणजे इतिहासाच्या भिंतीचाच. लोक कॉफी घेऊन जाता येता त्याच्या पायांना धक्का देत होते. डोक्याच्या वरच मोठ्या अक्षरांत त्यानंच लिहिलेलं होतं की या घरानं कधी कुणाला परत पाठवलं नाही.

मी ते वाचत होते हे त्यानं बघितलं.

"परत तर नाही ना पाठवलं," तो म्हणाला. आणि हसला.

मला त्या क्षणी त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याला कुशीत घ्यावंसं वाटलं. दुसरी गोष्ट ट्रॉलीचा कठडा आडवा आल्यामुळे धड जमली नाही.

नर्स आली. दुखणं किती, एक ते दहा? व्हिन्सेंटनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "टेन." एवढ्या महिन्यांत तो पहिल्यांदा खरं बोलला. मी भिंतीकडे तोंड केलं.

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर बेड मिळाला. जुलैच्या शेवटी तो गेला. चर्च भरलं होतं. मेयरनं फुलं पाठवली, पेपरनं अर्धं पान दिलं. त्या पानावर फोटो होता तो सोडतीच्या दिवसाचा: व्हिन्सेंट हसतोय, हातात चिठ्ठी, पायाशी वाकलेला उन्मेष.

२०१० च्या ऑक्टोबरात शहरात दुसरी नवी डॉक्टर आली. वेशीवरचा आकडा तोवर पुन्हा बदलला होता. लॉरेनचा फोन आला. "रिटा, व्हिन्सेंटच्या आठवणीसाठी यंदा चिठ्ठ्या तुम्ही काढाव्यात असं सगळ्यांना वाटतं. इट वुड मीन सो मच टु द सिटी."

क्लॅरिसा फोनवर म्हणाली, "मॉम, यू डोन्ट हॅव टु डू दिस."

"जाणार मी," मी म्हटलं.

तोच हॉल, तेच पिंप, आधीपेक्षा दुप्पट माणसं. खुर्च्या संपल्या म्हणून लोक भिंतींना टेकून उभे होते. कडेवर मुलं, नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेला एक म्हातारा, ओठांत पुटपुटणाऱ्या बायका. लॉरेननं व्हिन्सेंटबद्दल चार शब्द सांगितले, मग नियम सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं पिंप फिरवलं.

मी हात घातला, पहिली चिठ्ठी काढली, उघडली. त्यावर कुणा केविनचं नाव होतं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मी ती मुठीत धरली आणि माइकजवळ गेले.

"व्हिन्सेंट डाबरे," मी वाचलं.

टाळ्या वाजल्या. सवयीनं वाजल्या, नाव कुणाचं हे न ऐकता. पुढच्या रांगेत त्या आधी थांबल्या, मग मागे मागे थांबत गेल्या. लॉरेनचे हात तसेच हवेत राहिले.

"व्हिन्सेंट डाबरे," मी दुसऱ्यांदा पुकारलं.

"रिटा, प्लीज," लॉरेन हळूच म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं नाही. नियम तिनंच सांगितला होता.

"व्हिन्सेंट डाबरे."

तिसऱ्या वेळी जरा जास्त थांबायचं असतं, पार्किंगमधून कुणी धावत येत असेल म्हणून. मी दाराकडे बघत थांबले. सगळा हॉल मान वळवून माझ्याबरोबर दाराकडे बघत राहिला.

"अ‍ॅबसेंट," मी म्हटलं. मग मूठ उघडून केविनची चिठ्ठी वाचली.